सूतगिरणीची कायमची जखमी

तुमचं काम काय, असं गिरणीत कुणी नवख्यानं विचारलं, की चंद्राबाई आधी सांगायची, "वेस्टला हाय मी." मग जरा थांबायची, पदर सावरायची आणि सांगायची, "आन् डिरीलला जखमी असते."

हे दुसरं सांगताना तिच्या आवाजात जी ऐट यायची, ती पगाराचा आकडा सांगतानाही येत नसे. येणार तरी कशी म्हणा, पगार तो काय! वेस्ट म्हणजे यंत्रांतून पडलेला कचरा कापूस. तो गोळा करायचा, खोलीत नेऊन टाकायचा, त्यातला चांगला-वाईट निवडायचा. कुंडलमधून रोज वडापच्या जीपमध्ये कोंबून घेऊन यायचं आणि दिवसभर नाकातोंडात कापसाची कुसं घ्यायची. पण जखमीचं काम वेगळं होतं. ते सबंध गिरणीत तिच्या एकटीकडं होतं.

सूतगिरणी म्हणजे आगीला निमंत्रण देऊनच बांधलेली जागा. कापसाच्या गाठीत कुठं एखादा खिळा राहतो, यंत्रात तो घासला की ठिणगी उडते आणि ती कापसात जाऊन बसते. भडकली तर निदान दिसते तरी. नाहीतर कापूस आतल्या आत धुमसत राहतो आणि माणसं बाजूला बसून डबा खात असतात. म्हणून गिरणीत वरचेवर मॉक ड्रिल व्हायचं. सायरन वाजायचा, यंत्रं बंद व्हायची आणि सगळ्यांनी बाहेरच्या गुलमोहराखाली जमायचं. तिथं खात्याखात्याची मोजणी व्हायची. आत एक माणूस जखमी होऊन पडलेला असायचा, त्याला चौघांनी स्ट्रेचरवरून बाहेर आणायचं. तो पडलेला माणूस म्हणजे आपली चंद्राबाई.

पहिल्या वेळी तिची निवड झाली ती वजनावर. तेव्हाचे साहेब म्हणाले, कुणीतरी हलकं माणूस द्या. बायकांनी खिदळत तिलाच पुढं ढकललं. साहेबांनी समजावलं, "मावशी, वेस्टच्या खोलीत दारामागं डोळे मिटून पडायचं. काही झालं तरी हूं की चूं करायचं नाही. जखमी माणूस बोलत नाही."

ती पडली. चौघं आले, त्यांनी तिला उचललं आणि निघाले. आणि चंद्राबाईच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गुलमोहराखाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाले, काय अभिनय आहे!

कसला अभिनय आणि कसलं काय. लग्नाआधी बापाच्या घरी तिनं उसाच्या वाढ्याचे भारे उचलले. लग्नानंतर विहिरीवरून घागरी उचलल्या. अंथरुणाला खिळलेल्या सासूला रोज उचलून न्हाणीत नेलं. नवरा आजारी पडला तेव्हा त्यालाही तिनंच खांद्याचा आधार देऊन एसटीत चढवलं आणि तो गेल्यावर पोरीला काखेत मारून शेतं तुडवली. या बाईला जाणती झाल्यापासून कुणी कधी उचललंच नव्हतं. आणि आज चार बाप्ये तिला सांभाळून, जपून, पायरी आली तर "हळू, हळू" म्हणत घेऊन चालले होते. रडू नये तर काय करावं तिनं?

तेव्हापासून ते काम तिचं झालं. ड्रिलची कुणकुण लागली की आदल्या दिवशी ती न्हायची आणि हिरव्या काठाचं ठेवणीतलं लुगडं नेसून यायची. बायका चिडवायच्या, तर म्हणायची, "जखमी झालं म्हणून काय झालं? चार माणसांत जायाचं असतंय." आणि काम करायची ते जीव लावून. दाराशी वळण आलं की अंग चोरायची, उतारावर दांडी हळूच धरायची, बाजूचा हात लोंबू द्यायची नाही. उचलणाऱ्यांना वाटायचं, काय बेस जमतंय आपल्याला!

ते चौघं ठरलेले होते. पायाकडं उंच कृष्णात आणि बुटका गुंडा, त्यामुळं तिचा एक पाय नेहमी आभाळाकडं असायचा. डोक्याकडं डावीकडं जयराज, ज्याला सगळ्याची घाई. आणि उजवीकडं शमशेर. हा गिरणीतला फिटर, अंगानं पैलवान, तोंडानं वात्रट. गिरणीभर त्याच्या जिभेला हाड नव्हतं, पण स्ट्रेचरची दांडी धरली की तो बदलायचा. चालताना तिच्या डोक्यावर वाकून हळू आवाजात सारखं म्हणत राहायचा, "झालं मावशी, आलं. झालं मावशी, आलं." ड्रिल खोटं होतं, जखम खोटी होती, ते बोलणं मात्र तिला कधी खोटं वाटलं नाही.

त्यालाच एकट्याला तिनं एक गोष्ट सांगितली होती. पोरगी राजेश्वरी लग्न होऊन फलटणला गेल्यापासून चंद्राबाई घरात एकटी. एका सुट्टीच्या दिवशी ती परसात पाय घसरून पडली आणि उठताच येईना. हाका मारल्या, पण शेजारी टीव्ही मोठ्यानं लागला होता. ऊन चढलं, उतरलं. शेवटी शेजारीण विरजण मागायला आली म्हणून कळलं. हाड मोडलं नव्हतं, पण मनात भीती बसली ती बसलीच. "शमशेर, माझं मरणाचं काय न्हाई रं," ती म्हणाली होती. "पर मी पडली हे कुनाच्या ध्यानातच आलं न्हाई तर?"

शमशेर पान्यानं बोल्ट आवळत होता. वरही न बघता म्हणाला, "मी हाय की. खोटं पडल्यावर उचलतो, तर खरं पडल्यावर सोडीन व्हय?"

बोलून तो विसरूनही गेला असेल. ती विसरली नाही. रात्री दाराला कडी घालताना ते वाक्य ती आठवायची आणि तिला झोप लागायची.

मग गिरणीत वीरधवल साहेब आले. सुरक्षेचं शिकून आलेला तरुण माणूस, बोलायला मऊ, कामाला कडक. पहिलंच ड्रिल बघून त्यांनी चंद्राबाईला दोन्ही हात जोडले आणि पुढच्या खेपेला एक डमी आणली. पोत्याच्या कापडाचा माणूस, आत वाळू आणि कापूस भरलेला, वजनाला चांगला गड्याएवढा. "मावशी, तुमचं काम चोख आहे," ते म्हणाले, "पण खरा जखमी तुमच्याएवढा हलका नसतो, आणि तुमच्यासारखा शहाण्यासारखा पडूनही राहत नाही."

डमी घेऊन चौघं निघाले आणि दारातच हात टेकले. वळणावर तिचे पाय चौकटीत अडकले, गुंडाची पकड सुटली आणि सगळं धूड पायरीवर आदळलं. खरा माणूस असता तर आगीतून वाचून पायरीवर मेला असता. साहेब रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही मावशींना आणत नव्हता. मावशीच तुम्हाला सांभाळून आणत होत्या."

खरं म्हणजे ही शाबासकी होती. पण चंद्राबाई बाजूला हिरव्या काठाचं लुगडं नेसून उभी होती, कारण डमीचं तिला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं, आपल्यामुळं या पोरांचं नुकसान झालं. त्यात शमशेरला वात्रटपणा सुचला. खुंटीवरचा तिचा जुना एप्रन काढून त्यानं डमीला चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ही आमची धाकली चंद्राबाई! ही बरी हाय गड्यानू, हिचं नखरं न्हाईत."

लोक पोट धरून हसले. चंद्राबाई हसली नाही. खोटं उचलणं गेलं, त्याचं तिला फार वाटलं नसतं. पण त्याच्याबरोबर ते दुसरं, कडी घालताना आठवायचं वाक्यही गेलं, असं तिला वाटलं. ज्याच्या लेखी मी आणि वाळूचं पोतं सारखंच, तो कशाला खरं उचलायला येतोय?

तिनं त्या दिवसापासून शमशेरशी बोलणं टाकलं. तो "चहा, मावशी" म्हणाला की ती भिंतीकडं तोंड करायची. पुढच्याच आठवड्यात शमशेर मेव्हण्याच्या लग्नाला मलकापूरला गेला. तेवढ्यात तिनं खोकल्याचं निमित्त सांगून वेस्ट सोडलं आणि गिरणीच्या दुसऱ्या टोकाला, सुताचे कोन पेटीत भरायच्या पॅकिंग खात्यात जाऊन बसली. सगळ्यांना सांगितलं. शमशेरला सांगायला तो तिथं नव्हता, आणि असता तरी तिनं सांगितलं नसतं.

तो परत कामावर आला त्याच दिवशी दुपारी वेस्टच्या खोलीतून धूर निघाला.

ठिणगी कधीची आत जाऊन बसली होती कुणास ठाऊक. सायरन वाजला. आधी लोकांना वाटलं, पुन्हा ड्रिल. मग जळक्या कापसाचा वास आला आणि सगळ्यांचे चेहरे उतरले. पण पळापळ झाली नाही, हे सांगायलाच पाहिजे. यंत्रं बंद झाली, बायका एकीमागं एक बाहेर पडल्या. चंद्राबाईही निघाली. पण धुराचा एक लोट तिच्यापर्यंत आला, खोकल्याची उबळ आली आणि ती पॅकिंगच्या दाराबाहेर पायरीवर दम खात बसली.

तेवढ्यात कृष्णात, गुंडा आणि जयराज स्ट्रेचर घेऊन धावत आले. समोर बघतात तर चंद्राबाई खाली बसलेली. झालं! त्यांनी विचार केला नाही, विचारलंही नाही. हातांना जी सवय होती ती हातांनी केली. पेट्या उचलणारा एक हमाल जवळ होता, त्याला चौथा कोपरा धरायला लावला आणि धडधाकट बाईला आडवी करून चौघं निघाले. आणि गंमत बघा, गिरणी पेटलेली असताना ही बाईही सवयीनं डोळे मिटून गप्प पडली!

थोडं अंतर गेल्यावर तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. एक पाय आभाळाकडं होता, तो कृष्णात. डावीकडून हिसके बसत होते, तो जयराज. पण डोक्याशी उजवीकडून नुसता तंबाखूचा वास येत होता. तिथून कुणीच काही बोलत नव्हतं.

चंद्राबाईनं डोळे उघडले. आजवर स्ट्रेचरवर तिनं कधी उघडले नव्हते.

"शमशेर कुठं हाय?"

"मावशी, गप पडा," कृष्णात धापा टाकत म्हणाला.

"गप काय पडा? त्याचा कोपरा ह्यानं का धरलाय? शमशेर कुठं हाय?"

"असंल की फिटर लोकांत."

"असंल म्हंजे? तू बघितलास का त्याला?"

कृष्णातनं बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं. गुलमोहराखाली मोजणी बरोबर लागली होती, कारण फिटर म्हणाले तो स्ट्रेचरवाल्यांत आहे, आणि स्ट्रेचरवाल्यांनी धरलं होतं की तो फिटरांत आहे. एवढा पैलवान गडी, दोघांच्या मध्ये सांडला होता.

आणि मग चंद्राबाई स्ट्रेचरवर उठून बसली. कारण तो कुठं असेल हे तिला कळलं. जखमी कुठं असते? वेस्टच्या खोलीत, दारामागं. शमशेर सुट्टीवर होता. ती तिथून उठून गेल्याचं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

स्ट्रेचर खाली टेकायच्या आत तिनं उडी मारली. धावत जाऊन वीरधवल साहेबांची बाही धरली. "सायेब, शमशेर आत हाय. वेस्टला हाय. मला उचलाय गेलाय त्यो!"

साहेब शिकलेले होते, मोजणी बरोबर आहे म्हणून वाद घालू शकले असते. त्यांनी घातला नाही. त्यांनी स्वतः मास्क चढवला, दुसरा कृष्णातला दिला, पाण्याचा पाइप मारत वाट करायला सांगितलं आणि दोघं आत गेले. चंद्राबाई मागं धावणार तर बायकांनी तिला धरून ठेवलं. पदराचा बोळा तोंडात कोंबून ती दाराकडं बघत राहिली. एवढी वर्षं ती त्या दारातून बाहेर आली होती. बाहेर उभं राहून वाट बघणं काय असतं, ते तिला आज कळलं.

दारामागं, जिथं ती पडायची अगदी तिथंच, तो पालथा पडलेला सापडला. धुरानं शुद्ध गेली होती. स्ट्रेचर दाराशी गेलं आणि तिघांनी त्या हमालाला चौथा घेऊन त्याला उचललं. शमशेर डमीपेक्षाही जड. पण त्या दाराच्या वळणावर कुणाचे पाय अडकले नाहीत आणि पायरीवर कुणाची पकड सुटली नाही. डमी आपटल्यापासून साहेबांनी त्यांच्याकडून ते वळण रोज घोटून घेतलं होतं. धाकल्या चंद्राबाईचे हे उपकार थोरलीनं नंतर मोकळ्या मनानं मान्य केले.

गुलमोहराखाली आणलं तेव्हा तो काळवंडला होता, पण छाती हलत होती. अँब्युलन्स त्याला सांगलीला घेऊन गेली. आग संध्याकाळच्या आत विझली. खोली गेली, कापूस गेला, माणूस एकही गेला नाही.

दोन-चार दिवसांनी चंद्राबाई हुलग्याच्या माडग्याचा डबा घेऊन एसटीनं सांगलीच्या दवाखान्यात गेली. शमशेरची बायको रशीदा उशाशी बसली होती. तिनं उठून मावशीला स्टूल दिलं. चंद्राबाई बसली नाही. येताना वाटेत तिनं बोलायचं सगळं ठरवलं होतं, ते सगळं विसरून ती उभ्यानंच त्याच्यावर तोंड टाकायला लागली.

"आक्कल गहाण ठेवलीस व्हय रं? एवढा धूर दिसतोय, आन् खुशाल आत जातोस? मी न्हवतीच तिथं!"

शमशेरचा घसा सोलवटला होता. घोगऱ्या आवाजात तो म्हणाला, "मला काय म्हाईत, न्हवता म्हून? तुमी तितंच असता की."

"हाका मारायच्या हुत्यास."

"मारल्या की. मला वाटलं, जखमी मानूस बोलत न्हाई." एवढं बोलून त्याला खोकला आला. तो ओसरल्यावर म्हणाला, "मावशी, बोललो हुतो न्हवं मी? खरं पडल्यावर सोडीन व्हय म्हून."

म्हणजे तो विसरला नव्हता. चंद्राबाई मट्‌कन स्टुलावर बसली आणि वॉर्डातल्या सगळ्यांसमोर हमसाहमशी रडली. डोळे न मिटता, तोंड न लपवता रडली. "मी रुसले हुते रं," ती म्हणाली. "जागा बदलली ते तुला सांगितलं न्हाई. माझ्या रुसव्यापायी मेला असतास तू."

"आन् म्या तरी धाकली म्हून कशाला चिडवायचं? चुकलंच माझं."

"आता दोघंबी गप बसा," रशीदा म्हणाली आणि डब्याचं झाकण उघडलं. "मावशी, ते माडगं तुमीच पाजा. माझ्या हातचं काय गिळत न्हाईत ते."

चंद्राबाईनं त्याच्या मानेखाली हात घातला, डोकं वर उचललं आणि एकेक घोट पाजलं.

शमशेर कामावर आला, पण डॉक्टरांनी त्याला ओझं उचलायला काही महिने बंदी केली होती. वीरधवल साहेबांनी आता नियम केला होता की ज्यानं जागा बदलली त्यानं स्ट्रेचरवाल्यांना स्वतः जाऊन सांगायचं, मग रुसवा असो की नसो. हे शेवटचं ते चंद्राबाईकडं बघून म्हणाले आणि ती लाजली. मग त्यांनी विचारलं, "पुढच्या ड्रिलला डमी आहेच. पण एकदा जिवंत, जड माणूस पण हवा. कोण होतंय जखमी?"

सगळ्यांनी शमशेरकडं बघितलं.

त्या दिवशी चंद्राबाई हिरव्या काठाचं लुगडं नेसून आली. शमशेर दारामागं पडला, चौघांनी त्याला उचललं. उजव्या कोपऱ्याला आता तो पेट्यांचा हमाल होता. चंद्राबाई त्याच्या शेजारी गेली आणि तिनं दांडीवर आपलाही हात ठेवला. साहेबांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

दाराबाहेर आल्यावर शमशेरनं एक डोळा किलकिला केला. "मावशी, सोडा. तुमाला झेपायचं न्हाई."

"जखमी मानूस बोलत न्हाई. डोळं मीट."

त्यानं डोळे मिटले. पायरी आली, उतार आला, पुढं गुलमोहर दिसायला लागला. कृष्णातमुळं त्याचा एक पाय आभाळाकडं होता आणि जयराजचे हिसके बसत होते. आणि त्याच्या डोक्यावर वाकून चंद्राबाई हळू आवाजात म्हणत होती, "झालं बाळा, आलं. झालं बाळा, आलं."